मेमरी कार्डाचा कंट्रोलर कर्नलला कसा सांगायचा: स्कीमॅटिक समोर ठेवून

तुमच्या प्रश्नात तीन वेगळी दुखणी एकत्र आली आहेत, म्हणून आधी ती सुटी करतो. तुमच्या टीमने स्वतः डिझाइन केलेला बोर्ड आहे. त्यावरच्या आर्म चिपमध्ये एसडीएचसीआय जातीचे, म्हणजे मेमरी कार्डाशी बोलण्याच्या एका ठरलेल्या प्रमाणाचे, तीन कंट्रोलर आहेत. एकावर ईएमएमसी, म्हणजे बोर्डावर पक्की बसणारी साठवणीची चिप, सोल्डर केलेली आहे, दुसऱ्यावर मायक्रोएसडीचं सॉकेट आहे, तिसऱ्यावर वायफायचं मॉड्यूल. चिप बनवणाऱ्यांच्या नमुना बोर्डाची डिव्हाइस ट्री (बोर्डावर काय कुठे जोडलं आहे ते कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सांगणारी फाइल) तुम्ही उचललीत, नाव बदललंत आणि लिनक्स बूट केलं. ईएमएमसी चालते. मायक्रोएसडी मात्र कधी दिसतं, कधी उणे ११० ही (वेळेत उत्तर न आल्याची) चूक देतं. काही कार्डांवर उणे ८४ येते. आणि चांगलं चालणारं कार्डही रीबूट केल्यावर गायब होतं, पॉवर काढून पुन्हा दिली की परत येतं. तुम्ही 'ब्रोकन-सीडी', 'नॉन-रिमूव्हेबल', 'नो-१-८-व्ही' आणि 'मॅक्स-फ्रीक्वेन्सी' आलटून पालटून घालून पाहिलंत आणि शेवटी विचारलंत की यातली नेमकी कोणती प्रॉपर्टी, म्हणजे त्या फाइलीतली ओळ, ठेवायची.

माझं उत्तर असं की प्रश्न प्रॉपर्टी निवडण्याचा नाहीच. डिव्हाइस ट्री ही ड्रायव्हरची सेटिंग्जची फाइल नाही, ती बोर्डाचा सातबारा आहे. पूर्वी तलाठी बांधावर जाऊन जमिनीत काय आहे ते लिहायचा. मालकाला पुढच्या वर्षी ऊस लावायचा आहे म्हणून आज उभी असलेली ज्वारी ऊस म्हणून लिहीत नसे. तसंच इथे. बोर्डावर ज्या तारा गेल्या आहेत, जो रेग्युलेटर (ठरलेलं व्होल्टेज पुरवणारा भाग) बसवला आहे, सॉकेटमधला स्विच ज्या बाजूला मिटतो, तेवढंच लिहायचं. त्यावरून काय करायचं ते ड्रायव्हर ठरवतो. तुम्ही घातलेल्या चारही प्रॉपर्ट्या खऱ्या आहेत, पण त्यातली प्रत्येक एक विधान आहे, आणि तुमच्या बोर्डाबद्दल ते विधान खरं आहे का हे फक्त स्कीमॅटिक, म्हणजे बोर्डाच्या जोडण्यांचा नकाशा, सांगू शकतं. ते माझ्यासमोर नाही. चिप कोणती, लेव्हल शिफ्टर (सिग्नलचं व्होल्टेज बदलणारा भाग) आहे का, कार्डाची पॉवर कुठून येते, यावर खालचं बरंच काही अवलंबून आहे. त्यामुळे जिथे 'असेल तर' म्हणतो तिथे तुम्हाला पान उघडून पाहावंच लागेल.

ही शिस्त उगाच आलेली नाही. पूर्वी प्रत्येक आर्म बोर्डासाठी कर्नलमध्ये सी भाषेतली वेगळी फाइल असायची आणि अशा शेकडो फाइली साचल्या होत्या. २०११ च्या मार्चमध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स यांनी आर्मच्या या पसाऱ्यावर उघड संताप व्यक्त केला आणि त्यानंतर आर्मवर डिव्हाइस ट्रीचा मार्ग झपाट्याने रुळला. मूळ कल्पना त्याहून जुनी, बूटच्या वेळच्या सॉफ्टवेअरसाठीच्या ओपन फर्मवेअरची, जिचं प्रमाणीकरण १९९४ मध्ये झालं होतं. महत्त्वाचं हे की हे वर्णन एकट्या लिनक्ससाठी नाही. तीच फाइल यू-बूट हा बूटलोडर (कर्नल सुरू करून देणारा प्रोग्राम) वाचतो, फ्रीबीएसडी ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिमही वाचू शकते. म्हणून 'माझ्या कर्नलमध्ये असं लिहिलं की चालतं' हा निकष पुरत नाही.

आता वर्णनाचे दोन थर. चिपच्या आत जे आहे ते चिपच्या फाइलीत: 'कम्पॅटिबल', रजिस्टरांचा पत्ता सांगणारं 'रेग', 'इंटरप्ट्स', 'क्लॉक्स'. ते त्या चिपच्या प्रत्येक बोर्डावर सारखंच असतं आणि तिथे 'स्टेटस' ही 'डिसेबल्ड' ठेवतात. तुमची बोर्डाची फाइल तोच नोड (एका भागाची नोंद) नावाने पुन्हा उघडते, 'ओके' करते आणि पिना, पॉवर, तारांची संख्या, कार्ड ओळखण्याची सोय ही भर घालते. तुमची ईएमएमसी त्याच जातीच्या कंट्रोलरवर चालते आहे, त्यामुळे चिपचा थर बहुधा ठीक आहे आणि मी त्यात वेळ घालवणार नाही. फक्त एक खूण लक्षात ठेवा, कारण उणे ११० दोन अगदी वेगळ्या कारणांनी येते. कार्ड उत्तर देत नसेल तर कंट्रोलर स्वतःच ६४ क्लॉकनंतर टाइमआउट कळवतो. ओळख करून घेताना क्लॉक ४०० किलोहर्ट्झ असतं, म्हणजे हा निकाल एका मिलिसेकंदाच्या आत लागतो. पण इंटरप्टच (काम झाल्याची हार्डवेअरची सूचना) ड्रायव्हरपर्यंत पोहोचत नसेल तर लॉगमध्ये सुमारे दहा सेकंदांची पोकळी दिसते, मग हार्डवेअर इंटरप्टची वाट पाहून थांबल्याचा संदेश आणि मागोमाग रजिस्टरांची सगळी यादी. ही दहा सेकंदांची पोकळी दिसली तर कार्डाला दोष देऊ नका, 'इंटरप्ट्स' मधला आकडा तपासा. आर्मच्या जीआयसीमध्ये (इंटरप्ट सांभाळणाऱ्या भागात) बाहेरचे इंटरप्ट ३२ पासून सुरू होतात, डिव्हाइस ट्रीत मात्र ते शून्यापासून मोजतात. मॅन्युअलमधला आकडा तसाच उतरवला की ३२ चा फरक पडतो. नव्या चिपचा पहिला नोड लिहिताना मी हा आकडा नेहमी दोनदा तपासतो.

आता मुख्य मुद्द्याकडे, पॉवरकडे. माझ्या अनुभवात मेमरी कार्डाच्या बहुतेक तक्रारी इथेच येऊन थांबतात आणि लोक सर्वात कमी लक्ष इथेच देतात.

कार्डाला दोन वेगळ्या गोष्टी लागतात. एक, कार्डाची स्वतःची पॉवर, ३.३ व्होल्टच्या आसपास. तिचं नाव 'व्हीएमएमसी-सप्लाय'. दुसरी, कमांड आणि डेटाच्या तारांवरचं व्होल्टेज, जे ३.३ किंवा १.८ असू शकतं. तिचं नाव 'व्हीक्यूएमएमसी-सप्लाय'. कार्ड सुरू होताना तारा नेहमी ३.३ वर असतात. यूएचएस जातीचं वेगवान कार्ड असेल तर कर्नल त्याला कमांड ११ पाठवून १.८ वर यायला सांगतो. क्लॉक थांबतं, चिप आपलं व्होल्टेज बदलते, थोडं थांबून क्लॉक पुन्हा सुरू होतं आणि कार्डाने तारा वर उचलल्या की दोघांचं जुळलं असं मानतात.

यात एक गोम आहे. कंट्रोलरच्या क्षमतांच्या रजिस्टरमध्ये 'मला १.८ व्होल्ट येतं' असं लिहिलेलं असतं. ते चिपबद्दल खरं आहे. पण तुमच्या हार्डवेअरच्या माणसाने त्या पिनांच्या पॉवरला थेट ३.३ ची पट्टी जोडली असेल तर ते चिपला कळायचा मार्ग नाही. तुम्ही 'व्हीक्यूएमएमसी-सप्लाय' लिहिलीच नाहीत तर ड्रायव्हर रजिस्टरवर विश्वास ठेवतो, कार्डाला १.८ वर पाठवतो आणि स्वतः मात्र ३.३ वरच राहतो. याउलट तुम्ही तिथे खरा, ३.३ व्होल्टवर बांधलेला रेग्युलेटर दाखवलात तर एसडीएचसीआयचा ड्रायव्हर त्या रेग्युलेटरला विचारतो, '१.७ ते १.९५ मध्ये येता येईल का?' नाही म्हटलं की तो यूएचएसचे १.८ व्होल्टचे वेग स्वतःच यादीतून काढतो. 'नो-१-८-व्ही' लिहायचीही गरज उरत नाही. मला या रचनेचं मनापासून कौतुक वाटतं: तुम्ही फक्त खरं सांगितलंत आणि योग्य निर्णय आपोआप झाला. नमुना बोर्डावर बहुधा पीएमआयसीमधून (पॉवर सांभाळणाऱ्या चिपमधून) बदलता येणारा रेग्युलेटर होता. तुमच्या बोर्डावर खर्च वाचवायला तो काढला असेल तर कॉपी केलेल्या नोडमध्ये तुमच्या बोर्डावर नसलेल्या वस्तूचं वर्णन आहे.

रीबूटची तक्रार याच्याच पोटातली आहे. १.८ वर गेलेलं कार्ड कमांड शून्यने, म्हणजे नेहमीच्या रिसेटने, परत ३.३ वर येत नाही. त्याची पॉवर तोडावी लागते, आणि ती नुसती स्विच बंद करून तुटत नाही: कार्डाच्या पिनेवरचं व्होल्टेज ०.५ च्या खाली येऊन किमान एक मिलिसेकंद तिथे राहायला हवं. आता रीबूटमध्ये काय होतं बघा. प्रोसेसर रिसेट होतो, बूट रॉम किंवा बूटलोडर ३.३ व्होल्टने कार्डाला हाक मारतो, कार्ड अजून १.८ वरच आहे, उत्तर येत नाही. तुम्ही प्लग काढता, व्होल्टेज शून्य होतं, कार्ड पुन्हा शहाणं होतं. तुम्ही सांगितलेलं लक्षण शब्दशः हेच आहे.

काही वर्षांपूर्वी मी स्वतः यात अडकलो होतो. ईएमएमसीच्या रेग्युलेटरचा नोड कॉपी करून मी कार्डासाठी वापरला आणि त्यातलं 'रेग्युलेटर-ऑलवेज-ऑन' तसंच राहिलं. ऑफिसातली जुनी कार्डं यूएचएस नव्हती, ती कधीच १.८ वर जात नव्हती, म्हणून आमच्या चाचणीत सगळं पास झालं. ग्राहकाने नवी वेगवान कार्डं घातली आणि उपकरणं दूरच्या जागी रीबूटनंतर बंद पडू लागली. आम्ही आठवडाभर बूटलोडर चाळत बसलो. शेवटी कार्डाच्या पॉवर पिनेवर ऑसिलोस्कोपचा प्रोब लावला आणि दिसलं की रीबूटभर रेष जागची हललेलीच नाही. ग्राहकाला त्या काळात माणसं पाठवून प्लग काढावे लागले, आणि चूक त्या एका ओळीची, म्हणजे माझी होती. तेव्हापासून कार्डाच्या रेग्युलेटरमध्ये ती ओळ दिसली की मी तिथेच थांबतो.

तेव्हा स्कीमॅटिकवर हे पाहा: कार्डाच्या पॉवरच्या वाटेत लोड स्विच (पॉवर जोडणारी-तोडणारी छोटी चिप) आहे का? असेल तर त्याचं एनेबल (तो चालू करणारी पिन) कोणत्या जीपीआयओवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या ताब्यातल्या पिनेवर, आहे? रिसेटच्या वेळी जीपीआयओ इनपुट होतो, तेव्हा एनेबलची पातळी तिथला रेझिस्टर ठरवतो. रेझिस्टर खाली ओढणारा असेल तर रिसेटमध्ये कार्ड आपसूक बंद होतं आणि तुमचं अर्धं काम झालं. वर ओढणारा असेल तर कार्ड चालूच राहतं. आणि स्विचमध्ये डिस्चार्जची सोय आहे का? नसेल तर कपॅसिटरमधला साठा आणि डेटाच्या तारांवरच्या पुल-अपमधून (तार वरच्या पातळीला ओढून धरणाऱ्या रेझिस्टरमधून) शिरणारी वीज मिळून व्होल्टेज अर्ध्यावर तरंगत ठेवते. डिव्हाइस ट्रीत हा स्विच म्हणजे 'रेग्युलेटर-फिक्स्ड' जातीचा नोड: त्यात जीपीआयओ, तो चालू कोणत्या पातळीला होतो, चालू झाल्यावर स्थिर व्हायला लागणारा वेळ 'स्टार्टअप-डिले-यूएस', आणि बंद ते पुन्हा चालू यांतलं किमान अंतर 'ऑफ-ऑन-डिले-यूएस'. हे दोन आकडे स्कोपवर मोजून लिहा, दुसऱ्याच्या फाइलीतून उचलू नका. कपॅसिटर बदलला की आकडा बदलतो.

इथपर्यंतचं एका श्वासात सांगायचं तर: दोन्ही सप्लाय खऱ्या रेग्युलेटरला जोडा, कार्डाची पॉवर बंद होऊ द्या, आणि ती बंद झाल्यावर खरंच शून्याजवळ येते का ते मोजा. यानेच रीबूटची तक्रार बहुधा जाईल. 'कधी दिसतं कधी नाही' मधलाही काही भाग जाईल, कारण स्विचला वर यायला वेळ लागत असेल आणि तो कुठेच लिहिलेला नसेल तर पहिल्या कमांडी अर्धवट जाग्या झालेल्या कार्डावर जातात.

उरलेला भाग कार्ड ओळखण्याच्या पिनेचा. इथे तुम्ही 'ब्रोकन-सीडी' आणि 'नॉन-रिमूव्हेबल' दोन्ही घालून पाहिलंत, म्हणून स्पष्ट बोलतो. कार्ड आहे की नाही हे कळण्याचे चार मार्ग आहेत आणि एका सॉकेटला त्यातला एकच लागू असतो. सॉकेटचा स्विच जीपीआयओला जोडला असेल तर 'सीडी-जीपीआयओज'. कंट्रोलरच्या स्वतःच्या पिनेला जोडला असेल तर काहीच लिहायचं नाही, तो मार्ग गृहीत आहे. स्विच जोडलाच नसेल तर 'ब्रोकन-सीडी', मग कर्नल दर सेकंदाला कार्ड आहे का ते पाहत राहतो. आणि वस्तू सोल्डर केलेली असेल तर 'नॉन-रिमूव्हेबल'.

हातात घेऊन काढता येणाऱ्या कार्डावर 'नॉन-रिमूव्हेबल' लिहू नका, चालत असलं तरी. कर्नलने तुमचं म्हणणं खरं मानलं की तो कार्ड निघाल्याची चौकशी करत नाही. कोणी कार्ड काढलं किंवा बदललं तर कर्नलला ते कळत नाही, आणि लिहायचा राहिलेला डेटा हरवू शकतो. त्यात कोणाचे तरी फोटो, कोणाची तरी मोजमापं जातात, आणि ती परत येत नाहीत.

जीपीआयओ असेल तर पातळी. बऱ्याच सॉकेटमध्ये कार्ड आत गेलं की स्विच मिटून पिन जमिनीला टेकते, म्हणजे 'ॲक्टिव्ह लो'. काहींमध्ये उलटं असतं. डेटाशीटमधली छोटी आकृती पाहा, आणि मल्टिमीटरने कार्ड घालून आणि काढून खात्री करा. पातळी जीपीआयओच्या फ्लॅगमध्येही सांगता येते आणि 'सीडी-इन्व्हर्टेड' नेही. दोन्ही एकदम लिहिलंत तर उलट्याचं पुन्हा उलटं होतं आणि मूळ जागी येता. फ्लॅगमध्येच सांगा आणि 'सीडी-इन्व्हर्टेड' विसरून जा. ती कंट्रोलरच्या स्वतःच्या पिनेसाठी राखून ठेवा.

'कधी कधी' हा शब्द ऐकला की मला आधी पुल-अपची शंका येते. स्विच उघडा असताना पिन वर धरायला बाहेरचा रेझिस्टर नसेल आणि चिपच्या आतला पुल-अप पिनकंट्रोलच्या (पिनांची मांडणी सांगणाऱ्या) नोडमध्ये चालू केला नसेल, तर पिन हवेत लटकते. बोट जवळ नेलं तरी तिचं वाचन बदलतं. नमुना बोर्डावर बाहेरचा रेझिस्टर असेल तर त्यांच्या फाइलीत आतला पुल-अप बंद असणं बरोबरच आहे. तुमच्या बोर्डावर तो रेझिस्टर गाळला असेल तर मात्र त्यांचं बरोबर ते तुमचं चूक. हाच विचार कमांड आणि डेटाच्या तारांना. त्यांनाही पुल-अप हवेच, साधारण १० ते १०० किलोओहमच्या दरम्यान. क्लॉकच्या तारेला नको.

आणखी एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण कार्ड दिसू लागलं की येईल: कार्ड उघडतं पण लिहिता येत नाही. मायक्रोएसडीला लेखन रोखणारी खिट्टीच नसते. मोठ्या एसडीला असते, आणि तीसुद्धा फक्त प्लास्टिकची. ती कुठे आहे हे सॉकेटचा स्विच पाहतो, कार्डाला तिचा पत्ता नसतो. तुमच्या कंट्रोलरला त्यासाठीची पिन असेल आणि ती बोर्डावर कुठेच जोडलेली नसेल, तर तिच्यावरचं काहीही वाचून ड्रायव्हर कार्ड फक्त वाचायचं आहे असं समजू शकतो. मायक्रोएसडीच्या नोडमध्ये 'डिसेबल-डब्ल्यूपी' लिहा. ते सत्यही आहे.

आता उणे ८४. मेमरी कार्डाच्या संदर्भात याचा अर्थ बहुधा असा: डेटा किंवा उत्तर आलं, पण सीआरसी (चूक पकडणारा तपासणीचा आकडा) जुळला नाही. म्हणजे कार्ड जिवंत आहे, बोलतंय, पण शब्द फाटतायत. काहीच कार्डांवर येतं याचं कारण बहुधा असं की बाकीची कार्डं ५० मेगाहर्ट्झच्या हाय स्पीडवरच थांबतात. चार तारांवर त्याचे सेकंदाला २५ मेगाबाइट होतात. एसडीआर१०४ या यूएचएस वेगाची कार्डं २०८ मेगाहर्ट्झपर्यंत जातात, म्हणजे एका क्लॉकला पाच नॅनोसेकंदही मिळत नाहीत. लॉगमध्ये कार्ड सापडल्याची जी ओळ येते तीत 'हाय स्पीड' आहे की 'अल्ट्रा हाय स्पीड एसडीआर१०४' हे पाहा आणि बिघडणाऱ्या कार्डांची यादी करा. यादी स्वच्छ दोन गटांत पडली तर उत्तर वेगात आहे. नाही पडली तर एखादी तार किंवा सॉकेटचा एखादा संपर्क कच्चा आहे, आणि 'बस-विड्थ' ४ ऐवजी १ करून पाहणं ही चांगली चाचणी आहे. लक्षात घ्या, चाचणी म्हणून. 'बस-विड्थ' म्हणजे बोर्डावर किती डेटा तारा ओढल्या आहेत ते. ती लिहिलीच नाही तर १ धरली जाते, आणि कार्ड इतकं मंद का, हे लोक महिनोन्‌महिने शोधत बसतात.

वेगावरच अडत असेल तर क्रमाने जा. आधी पिनांची ड्राइव्ह स्ट्रेंग्थ (पिन सिग्नल किती जोराने ढकलते ते). काही चिपांच्या नोडमध्ये १०० आणि २०० मेगाहर्ट्झसाठी पिनांच्या वेगळ्या अवस्था लिहाव्या लागतात, त्या कॉपी करताना गळतात. मग तारांची लांबी सारखी आहे का, क्लॉकच्या तारेवर मालिकेत रेझिस्टर आहे का. शेवटी ट्यूनिंग: एसडीआर१०४ ला जाण्यापूर्वी कर्नल कमांड १९ ने एक ठरलेला ६४ बाइटचा नमुना पुन्हा पुन्हा वाचून कोणत्या क्षणी वाचायचं ते शोधतो. ट्यूनिंग फसल्याचे संदेश येत असतील तर तारांवरच संशय घ्या. बोर्डाची आखणीच २०८ ला झेपत नसेल तर मग 'मॅक्स-फ्रीक्वेन्सी' लिहिणं योग्य आहे, कारण तेव्हा ते बोर्डाबद्दलचं खरं विधान होतं. पण मोजून ठरवलेला आकडा लिहा, आणि वर कॉमेंटमध्ये कारण लिहा. तुम्ही गेल्यावर ती फाइल कोणीतरी वाचणार आहे.

प्रत्यक्षात काय ठरलं हे पाहायला अंदाज करत बसू नका. डीबगएफएस (कर्नलची आतली स्थिती दाखवणारी फाइलसिस्टिम) माउंट केलं की त्यात प्रत्येक कंट्रोलरचं फोल्डर असतं आणि त्यात 'आयओएस' नावाची फाइल. क्लॉक, तारांची रुंदी, टायमिंगची जात, सिग्नलचं व्होल्टेज, सगळं तिथे लिहिलेलं असतं. प्रत्येक बदलानंतर मी ती फाइल जपून ठेवतो. दोन कार्डांच्या फाइली शेजारी ठेवल्या की अर्ध्या शंका तिथेच मिटतात.

ईएमएमसी चालते म्हणून तिच्याकडे फक्त एक नजर टाका. तिथे 'नॉन-रिमूव्हेबल' खरं आहे आणि आठ तारा असतील तर 'बस-विड्थ' ८. 'नो-एसडी' आणि 'नो-एसडीआयओ' लिहा, कारण कर्नल कोणत्याही कंट्रोलरवर आधी एसडीआयओ (वायफायसारखी साधनं), मग एसडी आणि सर्वात शेवटी एमएमसी शोधतो. तो व्यर्थ शोध वाचतो. एचएस४०० या ईएमएमसीच्या वेगाचा दावा करण्यापूर्वी स्ट्रोबची (डेटा वाचायचा क्षण सांगणारी) तार खरंच ओढली आहे का ते पाहा. वायफायच्या कंट्रोलरवर 'नॉन-रिमूव्हेबल' तर हवंच, शिवाय मॉड्यूलची रिसेट पिन आणि त्याला लागणारं ३२.७६८ किलोहर्ट्झचं क्लॉक सांगायला 'एमएमसी-पीडब्ल्यूआरसेक' (mmc-pwrseq) चा वेगळा नोड लागतो. रिसेटचा जीपीआयओ बनावट रेग्युलेटर म्हणून दाखवण्याची जुनी युक्ती अजून फिरते, ती वापरू नका.

तीन कंट्रोलर आहेत तेव्हा क्रमांकांचंही ठरवून टाका. बूटच्या वेळी कोण आधी तयार होईल याचा भरवसा नाही, आज शून्य क्रमांकावर असलेली ईएमएमसी उद्या एकवर जाऊ शकते. कर्नल ५.१० पासून 'एलियासेस' या नोडमध्ये क्रमांक पक्के करता येतात. तरीही रूट फाइलसिस्टिम पार्टिशनच्या यूयूआयडीनेच (त्याच्या एकमेव ओळखक्रमांकानेच) सांगा.

हे सगळं लिहून झालं की कर्नलच्या सोर्समध्ये 'डीटीबीएस-चेक' ही तपासणी चालवा. मेमरी कार्डाच्या कंट्रोलरांसाठी समाईक नियमावली कर्नलमध्येच यामल या मजकुरी फाइलींच्या रूपात आहे आणि ती चुकलेलं नाव, न बसणारा आकडा लगेच पकडते. प्रॉपर्टीच्या नावात एक अक्षर चुकलं तर ड्रायव्हर तक्रार करत नाही, ती ओळ नसल्यासारखी पुढे जातो. म्हणून ही तपासणी मी कधीच टाळत नाही. बोर्ड मुख्य कर्नलमध्ये पाठवायचा विचार असेल तर, आणि तो जरूर करा, तपासणी स्वच्छ असल्याशिवाय पाठवू नका. कोणी विचारलं 'ही ओळ का?' तर स्कीमॅटिकमधल्या कुठल्या तारेमुळे, हे प्रत्येक ओळीसाठी सांगता यायला हवं.

आणि आधीच छापून झालेल्या बोर्डांचं काय? कार्डाच्या पॉवरला स्विचच नसेल, किंवा असूनही बंद केल्यावर व्होल्टेज ०.५ च्या खाली येत नसेल, तर सॉफ्टवेअरने ते दुरुस्त होणार नाही. हार्डवेअरच्या सहकाऱ्याला पुढच्या आवृत्तीत डिस्चार्ज असलेला स्विच आणि एनेबलवर खाली ओढणारा रेझिस्टर घालायला सांगा. तोपर्यंत या बोर्डाच्या फाइलीत 'नो-१-८-व्ही' ठेवा. जो बोर्ड कार्डाला १.८ वरून परत आणू शकत नाही त्याने त्याला तिथे नेऊ नये, हे त्या बोर्डाचं खरंच वर्णन आहे. वेग २५ मेगाबाइटवर थांबेल, पण रीबूटनंतर उपकरण उठेल. नव्या आवृत्तीला वेगळी फाइल द्या, तिथे ती ओळ नको. स्कोपवर कार्डाच्या पॉवर पिनेचं रीबूटच्या वेळचं चित्र मिळालं की मला दाखवा, आणि सोबत लोड स्विचच्या भोवतीचा स्कीमॅटिकचा तुकडा. त्या दोन गोष्टींवरून पुढचं नेमकं सांगता येईल.